साल्झबर्गचे डॉप्लर आणि आबांचा टू-डी इको

आधीच कबूल करते की माझी शाळा कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी टक्केवारी खाली ओढणारा एक पेपर होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने सोडून द्या. इंग्लिश सेक्शनला लेख देणं मला सोपं गेलं असतं. पण हा लेख सुट्टीत आबांना वाचून दाखवायचा आहे, म्हणून मराठीत.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. वय ७८. राहुरी तालुक्यात वांबोरीजवळ आमची शेती आहे, कांदा आणि थोडा ऊस. दौंड-मनमाड रेल्वेलाईन शेतापासून हाकेच्या अंतरावर. गेल्या दोनेक वर्षांत आबांना चालताना धाप लागायला लागली, संध्याकाळी पायांवर सूज यायची. आणि गंमत म्हणजे, वर्षानुवर्षं चालू असलेली बीपीची गोळी बंद करावी लागली, कारण बीपी आपोआपच खाली आलं. घरात सगळे खूश! आबा सुधारले असं वाटलं. ती खरं तर चांगली बातमी नव्हती, पण हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत?

शेवटी नगरला आणून टू-डी इको काढायचं ठरलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण घरी अजून तोंडात नगरच येतं.) मी ईएनटीसीची म्हणून डॉक्टरांनी मला आत उभं राहू दिलं. अंधाऱ्या खोलीत आबा डाव्या कुशीवर, छातीवर जेल, आणि स्क्रीनवर त्यांचं हृदय उघडझाप करतंय. मग डॉक्टरांनी एक बटण दाबलं. करड्या चित्रात लाल-निळे झोत उसळायला लागले आणि स्पीकरमधून हुश्श-हुश्श असा आवाज आला. बटणावर छोट्या अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. वाकून वाचलं तर डॉप्लर!

डॉप्लर इफेक्ट आपल्याला सगळ्यांना येतो. गाडी जवळ येताना शिट्टी उंच, लांब जाताना खाली. सूत्र पाठ, दोन मार्क पक्के. मोबाईल कम्युनिकेशनमध्ये तो परत येतो, रडारमध्ये परत येतो. पण हा माणूस कोण होता, कुठला, त्याचं पुढे काय झालं, हे मला एका ओळीतसुद्धा सांगता आलं नसतं. त्या दिवसानंतर मी शोधायला लागले. का शोधायला लागले ते पुढे येईलच.

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग या गावी झाला. घराणे पाथरवटांचे, पिढ्यान्‌पिढ्या दगड घडवणारे. घरासमोरच्याच चौकात संगीतकार मोझार्टचे कुटुंब एके काळी राहत होते. ख्रिश्चनही छिन्नी-हातोडा घेऊन बापाच्या धंद्यात जायचा, पण त्याची तब्येत पहिल्यापासून नाजूक. दगडाचे काम झेपणार नाही हे घरच्यांनी ओळखले. गावातील गणिताचे प्राध्यापक सायमन स्टाम्फर यांनी मुलाची हुशारी पाहून त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये पाठवायला सांगितले. १८२२ साली ते तिथे दाखल झाले. म्हणजे पाहा, डॉप्लर हे आपल्यासारखेच इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी! (एक गंमत: कित्येक पुस्तकांत त्यांचे नाव योहान ख्रिश्चन असे छापले आहे. चर्चच्या नोंदवहीत मात्र ते ख्रिश्चन आंद्रेआस आहे. मार्कशीटवर नाव चुकून आलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.)

शिक्षण झाले, १८२९ पासून चार वर्षे व्हिएन्नाला असिस्टंट म्हणून काम झाले, पेपरही छापून आले. पण असिस्टंटची नोकरी मुदतीची. मुदत संपली तेव्हा वय तीस आणि हातात काही नाही. त्या काळी प्राध्यापकाच्या जागेसाठी चढाओढीच्या परीक्षा असत, त्या देत राहायच्या आणि निकालाची वाट पाहायची. दरम्यान पोटासाठी त्यांनी एका सूतगिरणीत हिशेबनीसाची नोकरी केली. ज्याचे नाव आज जगातल्या प्रत्येक फिजिक्सच्या पुस्तकात आहे तो माणूस दीडेक वर्ष कापसाच्या गाठींचे जमाखर्च लिहीत होता. ज्यांना प्लेसमेंटची धास्ती आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

शेवटी कंटाळून त्यांनी अमेरिकेला जायचे ठरवले. सामानसुमान विकले, म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलाला भेटून आले. आणि अगदी त्याच सुमारास, १८३५ मध्ये, प्रागच्या एका तांत्रिक शाळेतून नेमणुकीचे पत्र आले. ते प्रागला गेले. पुढच्या वर्षी साल्झबर्गच्या सोनाराची मुलगी माथिल्डे हिच्याशी लग्न झाले. त्यांना पाच मुले झाली. १८४१ मध्ये ते प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये पूर्ण वेळ प्राध्यापक झाले.

२५ मे १८४२ रोजी प्रागमध्ये रॉयल बोहेमियन सोसायटीच्या बैठकीत डॉप्लर यांनी एक निबंध वाचला. ऐकायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती. विषय होता जोडताऱ्यांचे रंग. आकाशात काही तारे जोडीने एकमेकांभोवती फिरतात आणि दुर्बिणीतून त्यातला एक तांबूस तर दुसरा निळसर दिसतो. डॉप्लर यांचे म्हणणे असे की तारे मुळात पांढरेच असतात. जो आपल्याकडे येतो त्याच्या लाटा आपल्यापर्यंत दाटीवाटीने पोहोचतात, म्हणून तो निळसर दिसतो. जो लांब जातो त्याच्या लाटा विरळ होतात, म्हणून तो तांबूस.

आता खरी गोष्ट सांगते. ताऱ्यांबद्दलचे त्यांचे म्हणणे चुकीचे होते. ताऱ्यांचे रंग त्यांच्या तापमानाने ठरतात, आणि डोळ्यांना रंग बदललेला दिसावा इतक्या वेगाने हे तारे पळतही नाहीत. म्हणजे ज्या कोड्यासाठी सूत्र काढले ते कोडे त्या सूत्राने सुटलेच नाही. सूत्र मात्र बरोबर निघाले. मला हे फार आवडलं. आमच्या प्रॅक्टिकलला बहुतेक उलटं असतं, उत्तर बरोबर येतं आणि ते कसं आलं ते कुणाला सांगता येत नाही.

सूत्र खरे की खोटे हे तपासले ते हॉलंडमधल्या बाय्स बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने. डॉप्लर यांचा ताऱ्यांचा सिद्धांत त्याला पटला नव्हता. १८४५ मध्ये उट्रेख्ट शहराजवळच्या नव्या रेल्वेलाईनवर त्याने एक इंजिन मागून घेतले. गाडीवर तुतारीवाले बसवले, रुळांच्या कडेला कान तयार असलेले वादक उभे केले. गाडीवरच्यांनी एकच सूर धरायचा आणि खालच्यांनी तो कोणता ऐकू येतो ते लिहायचे. फेब्रुवारीत पहिल्यांदा करायला गेले तर बर्फाने बेत फसला. जूनमध्ये पुन्हा केले. सूर बदलला! गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल तर येताना सूर पाच टक्क्यांनी चढतो आणि जाताना जवळजवळ तेवढाच उतरतो. तयार कानाला एवढे पुरते.

डॉप्लर यांना मात्र याचे सुख फारसे मिळाले नाही. प्रागमध्ये त्यांच्यावर परीक्षांचे भयंकर ओझे होते. शेकडो मुलांच्या लेखी परीक्षा आणि तेवढ्याच ओरल त्यांना एकट्याने घ्याव्या लागत. वर ते कडक म्हणून विद्यार्थ्यांनी तक्रार केली आणि चौकशीही बसली. तब्येत ढासळली, छातीचा विकार बळावला, १८४४ मध्ये लांब रजा घ्यावी लागली. आपल्या डिपार्टमेंटच्या सरांनी हे वाचून डॉप्लरची बाजू घेऊ नये एवढीच विनंती.

१८४७ मध्ये ते शेमनिट्झच्या खाण अकादमीत गेले. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. लगेच १८४८ ची राज्यक्रांती आणि धामधूम, म्हणून परत व्हिएन्ना. १८५० मध्ये सम्राटाच्या हुकमाने व्हिएन्ना विद्यापीठात फिजिक्सची नवी संस्था निघाली आणि डॉप्लर तिचे पहिले संचालक झाले. तिथे त्यांच्या हाताखाली शेतकरी घरातला एक पाद्री शिकायला आला. शिक्षक होण्याच्या परीक्षेत तो नापास झालेला होता. त्याचे नाव ग्रेगर मेंडेल, म्हणजे वाटाण्याचे आणि आनुवंशिकतेचे मेंडेल! एका नापास विद्यार्थ्याला आत घेतले हे माझ्या मते कडक मास्तरांच्या खात्यावर जमा धरायला हवे.

मग १८५२ मध्ये पेट्झवाल प्रकरण झाले. योझेफ पेट्झवाल हे व्हिएन्नाचे नामवंत गणिती, कॅमेऱ्याची भिंगे बनवणारे. विज्ञान अकादमीच्या भर सभेत त्यांनी डॉप्लर यांच्यावर हल्ला चढवला. चार ओळींच्या सोप्या सूत्रातून निसर्गाचा मोठा नियम निघूच शकत नाही, तो डिफरन्शियल इक्वेशनमधूनच यायला हवा, असा त्यांचा सूर. त्यांचे गणित चूक नव्हते, फक्त ते वेगळ्याच परिस्थितीचे होते. त्यात वाहत होते ते माध्यम, आवाज करणारा आणि ऐकणारा दोघे जागेवरच. पण सभेचे वजन पेट्झवालांकडे झुकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आजारी डॉप्लर हवापालटासाठी व्हेनिसला गेले. १७ मार्च १८५३ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय फक्त ४९. सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्यांना पुरले, पण नेमकी जागा आज कुणाला दाखवता येत नाही.

इथे चरित्र संपायला हवं. पण मला जे शोधायचं होतं ते इथून पुढे सुरू होतं.

डॉप्लर गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, जर्मनीत रुडॉल्फ फिरकाव यांनी शरीरात साठणाऱ्या एका पदार्थाला अमायलॉईड असं नाव दिलं. आयोडीन टाकल्यावर तो स्टार्चसारखा रंग बदलायचा, म्हणून हे नाव. पुढे कळलं की तो स्टार्च नाहीच, ते प्रोटीन आहे. चुकीच्या घडीत दुमडलेलं, न विरघळणारं. हे प्रोटीन हृदयाच्या स्नायूत साठत गेलं की भिंती जाड होतात आणि कडक होतात.

आणि शंभर वर्षांनी, १९५३ मध्ये, स्वीडनमधल्या लुंड इथे डॉक्टर इंगे एडलर आणि फिजिक्सवाले हेल्मुट हेर्ट्झ यांनी अल्ट्रासाऊंडने हृदयाची हालचाल पहिल्यांदा नोंदवली. हेर्ट्झ म्हणजे आपण ज्याच्या नावाने फ्रिक्वेन्सी मोजतो त्याच घराण्यातले. मशीन कुठलं, तर जहाजबांधणीत वेल्डिंगमधल्या भेगा शोधायचं असतं तसलं! त्याच दशकात जपानमध्ये ओसाकाला शिगेओ सातोमुरा यांनी परत येणाऱ्या अल्ट्रासाऊंडची बदललेली फ्रिक्वेन्सी पकडून हृदयाचा वेग मोजला. इथे डॉप्लर हृदयात शिरले. पुढे १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला डॉक्टर लिव हाटले आणि इंजिनिअर ब्यॉर्न आंगेलसन या जोडीने त्याचं रोज वापरता येईल असं तंत्र केलं.

गणित इतकं सोपं आहे की आबांच्या बेडजवळ उभी राहून मी ते मोबाईलवर केलं. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. अडीच मेगाहर्ट्झची लाट सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणाऱ्या रक्तावर आपटून परत आली तर फ्रिक्वेन्सीत सुमारे ३२५० हर्ट्झचा फरक पडतो. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणून सूत्रात दोनाने गुणायचं. हा फरक आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच पडतो, म्हणून तो हुश्श आवाज. स्क्रीनवरचे रंग मात्र इंजिनिअर लोकांनी ठरवून दिलेले आहेत, प्रोबकडे येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं. डॉप्लर यांच्या ताऱ्यांच्या बरोबर उलट!

आबांच्या रिपोर्टमध्ये हृदयाची भिंत १७ मिलिमीटर होती. ११-१२ च्या वर गेली की जाड समजतात. ईसीजीत मात्र रेघा अगदी लहान. स्नायू खरोखर वाढलेला असता तर रेघा मोठ्या आल्या असत्या. भिंत जाड आणि वीज कमी, म्हणजे त्या भिंतीत भलतंच काहीतरी भरलेलं. डॉक्टरांनी मग आबांचे दोन्ही हात पालथे करून मनगटं पाहिली. आठ वर्षांपूर्वी नस दबते म्हणून दोन्ही हातांचं ऑपरेशन झालं होतं. तेच प्रोटीन हृदयाच्या आधी मनगटात साठलेलं असू शकतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

रिपोर्टमध्ये अजून एक ओळ होती, डिसेलरेशन टाईम १४५ मिलिसेकंद. हृदयाचा खालचा कप्पा सैल पडला की वरचं रक्त जोरात खाली येतं आणि मग त्याचा वेग उतरत जातो. तो उतरायला लागणारा वेळ म्हणजे हा आकडा. पाण्याचा टँकर मोठ्या हौदात सोडला तर धार निवांत कमी होते. लहान, घट्ट बंद टाकीत सोडला तर आतला दाब लगेच चढतो आणि धार पटकन थांबते. कडक हृदय ही घट्ट टाकी. आबांच्या वयात हा वेळ खरं तर दोनशेच्या आसपास किंवा जास्तच असायला हवा. शिवाय स्नायूचा स्वतःचा वेगही डॉप्लरने मोजला होता, तो सेकंदाला फक्त चार सेंटीमीटर.

त्या रात्री हॉस्टेलवर परत आले. मेसला गेले नाही. नेटवर शोधत बसले आणि १९९१ चा एक अभ्यास सापडला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा, लेखकांत लिव हाटले यांचंही नाव. हृदयात अमायलॉईड असलेल्या ६३ रुग्णांचे डॉप्लरचे आकडे घेऊन पुढे कोण जगलं याचा हिशेब केला होता. डिसेलरेशन टाईम १५० किंवा त्याहून कमी असलेल्यांपैकी एक वर्ष जगण्याची शक्यता ४९ टक्के. १५० च्या वर असलेल्यांची ९२ टक्के. आबांचा १४५. पाच मिलिसेकंद! माझी रूममेट उठून बसली तेव्हा मी रडत होते. मी तिला ग्राफ दाखवला. तिने लॅपटॉप बंद केला.

तेव्हापासून मी डॉप्लर यांच्यावर वाचायला लागले. खरं कारण एवढंच की त्या आकड्याचा मला राग आला होता, आणि तो ज्याच्यामुळे मोजता येतो त्या माणसाचाही.

पुढच्या तपासणीला मी तो पेपर प्रिंट काढून नेला. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी बाहेरचे पेशंट थांबवून तो माझ्यासोबत वाचला. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, अमायलॉईडचे प्रकार असतात. त्या अभ्यासातले रुग्ण मुख्यतः रक्तपेशींच्या विकारातून होणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारातले होते, आणि तोही तेव्हा, जेव्हा त्यावर आजची औषधं नव्हती. म्हाताऱ्या पुरुषांत दिसणारा प्रकार वेगळा, त्यात ट्रान्सथायरेटिन नावाचं लिव्हरमधलं प्रोटीन साठतं आणि तो सावकाश चालतो. दोन, ४९ टक्के हा ६३ जणांच्या त्या गटाचा आकडा आहे, माझ्या आबांचा नाही. आकडा खोटा नव्हता. हृदय कडक झालंय हे तो बरोबर सांगत होता. किती दिवस, हे तो सांगत नव्हता. आता तर स्ट्रेन नावाचं मोजमाप जास्त भरवशाचं मानतात, असंही ते म्हणाले. त्यात स्नायू किती टक्के आखडतो ते पाहतात. निरोगी माणसात साधारण २० टक्के, आबांचा ११, आणि टोकाकडचा भाग तेवढा बरा राहिलेला. ही त्या आजाराची खूणच आहे. (आजकालच्या मशीनमध्ये स्ट्रेन चित्रातल्या ठिपक्यांचा माग काढून मोजतात, त्यात डॉप्लर नसतात. उगाच सगळं श्रेय एकाला नको.)

मग रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या, त्यातून तो झपाट्याचा प्रकार नाही हे नक्की झालं. पुण्याला जाऊन हाडांचा स्कॅन केला. त्यात हाडांइतकंच, किंबहुना जास्त, आबांचं हृदय उजळून दिसलं. प्रकार सावकाश चालणाराच निघाला. या प्रकारावर गोळी आहे, अमेरिकेत तिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. साठलेलं ती काढत नाही, पुढचं साठणं धीमं करते. स्वस्त नाही. बाबा आणि काका दोघे मिळून करताहेत, कसं ते मला सांगत नाहीत.

गेल्या सुट्टीत ओट्यावर बसून आबांना डॉप्लर यांची गोष्ट तोंडी सांगितली. सूतगिरणीतली नोकरी त्यांना सगळ्यात आवडली. तेवढ्यात मालगाडी गेली, शिट्टी येताना चढी आणि जाताना उतरलेली. आबा म्हणाले की हे ते लहानपणापासून ऐकताहेत, त्यांना वाटायचं वांबोरी स्टेशन मागे पडलं की ड्रायव्हर शिट्टीवरचा हात ढिला सोडतो. मी त्यांना रुळांवरच्या तुतारीवाल्यांचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग पुढची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. त्यांच्या हिशेबाने अजून पाऊण तास होता. आम्ही थांबलो.

पुढचा इको सबमिशन संपलं की लगेच आहे. मी सोबत जाणार आहे.